वाचकांचे प्रश्न : ब्रिटिश घरातला बटाटा

मागील अंकात या सदरात शेफर्ड्स पाय (इंग्रजीत पाय म्हणजे थराने किंवा पारीने झाकून भाजलेला पदार्थ) या इंग्रजी पदार्थाची कृती दिली होती. शिजवलेल्या खिम्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा जाड थर पसरायचा आणि तो ओव्हनमध्ये खरपूस भाजायचा, एवढीच ती कृती. त्यानंतर जी पत्रे आली त्यांत खिम्याविषयी जवळजवळ काहीच विचारलेले नव्हते. बहुतेक सर्व प्रश्न वरच्या बटाट्याच्या थराविषयी आणि एकूणच ब्रिटिश घरांतील बटाट्याच्या साध्या पदार्थांविषयी होते. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातील एका लहान गावात मी नऊ वर्षे राहिले आणि यातील बरेचसे पदार्थ तेथील शेजारणींच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या बाजूला उभी राहून शिकले. हे पदार्थ मला मनापासून आवडतात आणि ते नीट केले जावेत अशी माझी इच्छा आहे.

प्रश्न : माझा मुलगा शिक्षणासाठी लीड्सला गेला आहे. तेथील दुकानांत बटाट्यांच्या पिशव्यांवर मॅरिस पायपर, किंग एडवर्ड, शार्लट अशी नावे छापलेली असतात, असे तो सांगतो. या नावांना खरोखर काही अर्थ आहे का? कोणता बटाटा कशासाठी घ्यावा? (एक वाचक, पुणे)

उत्तर : अर्थ निश्चित आहे आणि ब्रिटिश पद्धतीने बटाटा करायचा असेल तर पहिला विचार याच गोष्टीचा करावा लागतो. आपल्या मंडईतही तळेगावचा, इंदूरचा, आग्र्याचा असा भेद जाणती गिऱ्हाइके करतात. मात्र आपला रस्सा किंवा काचऱ्या कोणत्याही बटाट्याच्या झाल्या तरी मसाला त्यांना सांभाळून घेतो. ब्रिटिश पदार्थात बटाटा, मीठ आणि स्निग्ध पदार्थ यांपलीकडे फारसे काही नसते, त्यामुळे बटाट्याची जात चुकली की पदार्थही चुकतो.

ढोबळमानाने बटाट्याचे दोन स्वभाव आहेत. पिठूळ बटाट्यात स्टार्च जास्त आणि पाणी तुलनेने कमी असते. शिजताना त्याच्या पेशींतील स्टार्च फुगतो, पेशी एकमेकींपासून सुट्या होतात आणि बटाटा भुरभुरीत होतो. मेणचट बटाट्यात याच्या उलट घडते. त्याच्या पेशी एकमेकींना धरून राहतात, म्हणून तो शिजल्यावरही कापाचा आकार सोडत नाही. कुस्करण्यासाठी, भाजण्यासाठी आणि ब्रिटिश चिप्ससाठी, म्हणजे तळलेल्या जाड कांड्यांसाठी, पिठूळ बटाटा घ्यावा. नुसता उकडून लोण्याबरोबर खाण्यासाठी किंवा सॅलडसाठी मेणचट घ्यावा. किंग एडवर्ड ही पिठूळ जात १९०२ साली बाजारात आली. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण सोहळ्याचे ते वर्ष होते आणि त्याचेच नाव तिला मिळाले. तिच्या सालीवर गुलाबी छटा असतात, त्यावरून ती सहज ओळखता येते. मॅरिस पायपर ही केंब्रिजजवळच्या प्लांट ब्रीडिंग इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली जात १९६६ पासून प्रचारात आली. ही संस्था मॅरिस लेन नावाच्या रस्त्यावर होती, म्हणून तिच्या जातींच्या नावांत ‘मॅरिस’ येते. बटाट्याच्या मुळांवर जगणाऱ्या सूत्रकृमीला ही जात दाद देत नाही, यामुळे शेतकऱ्यांनी ती उचलून धरली, आणि भाजल्यावर व तळल्यावर ती उत्तम होते म्हणून घरांनी. शार्लट मात्र मेणचट आहे. आपल्या मुलाने तिचे मॅश, म्हणजे लोणी-दूध घालून कुस्करलेला बटाटा, करण्याच्या फंदात पडू नये.

भारतात पिशवीवर जात छापलेली क्वचितच मिळते. तेव्हा घरी एक परीक्षा करून पाहावी. एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवून त्यात बटाटा सोडावा. पिठूळ बटाटा घनतेने जड असल्यामुळे बुडतो आणि मेणचट बटाटा तरंगतो.

प्रश्न : मॅश करताना उकडलेले बटाटे मिक्सरमधून काढले, तर खळीसारखा चिकट गोळा झाला. दूध वाढवून पाहिले, तरी सुधारणा झाली नाही. काय चुकले असावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : चूक मिक्सरची आहे आणि ती झाल्यावर दुरुस्त करता येत नाही. शिजलेल्या बटाट्याच्या पेशींत फुगलेला स्टार्च कोंडलेला असतो. मिक्सरच्या वेगवान पात्यांनी त्या पेशी फाटतात, स्टार्च बाहेर पडतो आणि त्याची खळ होते. मॅशमध्ये पेशी सुट्या व्हायला हव्यात, परंतु फाटता कामा नयेत. ब्रिटिश घरांत यासाठी जाळीदार तळाचे हाताने दाबायचे साधन वापरतात, किंवा दाबून शेवया पाडणारे राइसर हे यंत्र. आपल्याकडे या दोन्हींना उत्तम पर्याय घरातच आहे. शेवेची बारीक चकती लावलेला सोऱ्या हे काम तंतोतंत करतो आणि पुरणयंत्रही चांगले चालते. बटाटा गरम असतानाच यातून काढावा.

आता कृती सविस्तर सांगते, कारण एवढा साधा पदार्थ घाईने केल्यामुळे बिघडताना मी अनेकदा पाहिला आहे. एक किलो पिठूळ बटाटे सोलून त्यांचे साधारण सारख्या आकाराचे, लिंबाएवढे तुकडे करावेत. ते थंड पाण्यात घालून, पाणी चवीला खारट लागेल इतके मीठ टाकून, मगच गॅस पेटवावा. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरचा भाग आत शिजण्याआधीच विरघळू लागतो. मंद उकळीवर पंधरा ते वीस मिनिटांत सुरी सहज आरपार जाते. पाणी पूर्ण निथळून बटाटे पुन्हा त्याच पातेल्यात घालावेत आणि अगदी मंद आचेवर मिनिट-दोन मिनिटे हलवत राहावे. त्यांच्या अंगातील वाफ निघून जाते आणि कडा पांढुरक्या, कोरड्या दिसू लागतात. माझी लँकेशरची शेजारीण पातेल्यावर स्वच्छ पंचा टाकून ते पाच मिनिटे तसेच ठेवत असे, हेतू तोच. हे पाणी उडाले नाही तर त्याची जागा लोणी आणि दूध घेऊ शकत नाहीत. त्यानंतर बटाटे सोऱ्यातून काढून पंच्याहत्तर ते शंभर ग्रॅम लोणी प्रथम मिसळावे आणि मग दीडशे मिलिलिटर कढत दूध थोडे थोडे घालत लाकडी चमच्याने हलक्या हाताने ढवळावे. थंड दुधाने मॅश जड होते. शेवटी मीठ, पांढरी मिरपूड आणि हवे असल्यास किसलेले जायफळ चिमूटभर.

कुकरची सवय असलेल्यांनी बटाटे सालीसकट, पाण्याच्या वर जाळीवर ठेवून उकडावेत. पाण्यात बुडवून शिट्ट्या काढलेला बटाटा पाणी पितो आणि मॅशसाठी निकामी होतो.

प्रश्न : शेफर्ड्स पाय आणि कॉटेज पाय एकच का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आजच्या ब्रिटिश घरांत मेंढीच्या किंवा कोकराच्या खिम्याचा तो शेफर्ड्स पाय आणि गोमांसाचा तो कॉटेज पाय, असा भेद मानतात. मेंढपाळाच्या नावाचा पदार्थ मेंढीच्याच मांसाचा असावा, हा त्यामागील विचार. मात्र कॉटेज पाय हे नाव जुने आहे. नॉर्फोकमधील धर्मगुरू जेम्स वुडफर्ड यांच्या रोजनिशीत ते १७९१ साली आढळते. शेफर्ड्स पाय हे नाव एकोणिसाव्या शतकातले, आणि सुरुवातीला ही दोन्ही नावे मांसाचा भेद न करता वापरली जात. मूळ हेतू रविवारी भाजलेल्या मांसाचे उरलेले तुकडे संपवण्याचा होता. शाकाहारी वाचकांनी अख्ख्या मसुरीचा थर द्यावा, तो बटाट्याखाली छान बसतो. वरच्या थरावर काट्याने रेघोट्या ओढायला विसरू नये. उंच राहिलेल्या कडाच आधी तांबूस होतात.

प्रश्न : इंग्लंडला मुलीकडे गेलो असताना रविवारच्या जेवणात भाजलेले बटाटे खाल्ले. बाहेरून कुरकुरीत आणि आतून लोण्यासारखे मऊ होते. ते प्राण्यांच्या चरबीत भाजलेले होते असे नंतर कळले. आम्ही शाकाहारी आहोत. तसेच बटाटे तुपात किंवा तेलात होतील का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अवश्य होतील. रविवारच्या रोस्टबरोबर, म्हणजे भाजलेल्या मांसाबरोबर, येणारे हे बटाटे परंपरेने मांस भाजताना गळलेल्या चरबीत भाजत. थेंबथेंब गळणारी म्हणून तिचे इंग्रजी नाव ड्रिपिंग. नाताळात हंसाच्या चरबीला विशेष मान असतो. परंतु आज असंख्य ब्रिटिश घरांत सूर्यफुलाचे किंवा मोहरीच्या जवळच्या रेपसीड पिकाचे शुद्ध केलेले तेल वापरतात आणि बटाटे तितकेच कुरकुरीत होतात. साजूक तूप तर फारच चांगले. लोण्यातील दुधाचा घन अंश ओव्हनच्या उष्णतेने करपतो. तुपातून तो आधीच गाळला गेलेला असतो, म्हणून तूप न जळता तापते आणि बटाट्याला एक खमंग वास देते. मला स्वतःला अर्धे तूप, अर्धे तेल हे प्रमाण सर्वांत आवडते.

कुरकुरीतपणा मात्र केवळ चरबीवर अवलंबून नसतो. तो बटाट्याचा पृष्ठभाग किती खडबडीत, किती कोरडा आणि स्निग्ध पदार्थ किती तापलेला यांवर ठरतो. चार माणसांसाठी एक किलो पिठूळ बटाटे सोलून मोठे तुकडे करावेत. तुकड्यांना जितक्या तिरप्या कडा असतील तितके बरे. खारट पाण्यात उकळी आल्यावर आठ-दहा मिनिटे शिजवून कडा मऊ होऊ लागल्या की चाळणीत निथळावेत. पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा टाकला तर पृष्ठभागावरील पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन लवकर सुटते आणि कडा अधिक विरघळतात. बटाटे वाफ जाईपर्यंत उघडे ठेवावेत, मग पातेल्यात घालून, झाकण दाबून धरून दोन-तीनदा चांगले हलवावेत. कडा ओबडधोबड होऊन अंगावर पिठासारखा लेप तयार होतो. हाच लेप पुढे कवच बनतो. काही घरांत या वेळी चमचाभर रवा भुरभुरवतात, आणि त्याने खरोखरच फरक पडतो.

ओव्हन २०० अंश सेल्सियसच्या थोडा वर तापवून त्यात चार-पाच मोठे चमचे तूप-तेल घातलेला धातूचा ट्रे दहा मिनिटे ठेवावा. बटाटा टाकताच चर्र असा आवाज आला पाहिजे. तो आला नाही तर बटाटा तूप शोषून घेऊन तेलकट होतो. तुकडे एकमेकांना न चिकटता एका थरात बसले पाहिजेत, कारण दाटीवाटीने ठेवलेले बटाटे स्वतःच्याच वाफेत शिजतात. अधूनमधून उलटत पन्नास मिनिटे ते एक तास भाजावेत. मीठ शेवटी भुरभुरावे आणि झाकण कधीही ठेवू नये. पाहुणे यायच्या आधी भाजून, झाकून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. तसे केल्यास तासाभराची मेहनत पाच मिनिटांत मऊ पडते.

प्रश्न : ‘बबल अँड स्क्वीक’ या विचित्र नावाचा पदार्थ काय आहे? (एक वाचक, औरंगाबाद)

उत्तर : रविवारच्या जेवणातील उरलेला बटाटा आणि उरलेला कोबी एकत्र परतून सोमवारी केलेला हा पदार्थ आहे. सोमवार हा जुन्या ब्रिटिश घरांत कपडे धुण्याचा दिवस असे. बाईचा सगळा दिवस पाणी तापवण्यात आणि कपडे पिळण्यात जाई, स्वयंपाकाला वेळ नसे, आणि थंड मांसाबरोबर हा तव्यावरचा गरम गोळा हेच जेवण असे. नाव तव्यावरील आवाजावरून पडले आहे: आधी बुडबुडे, मग चुंईचुंई. फ्रान्सिस ग्रोस यांच्या १७८५ सालच्या बोलीभाषेच्या कोशात हे नाव याच स्पष्टीकरणासह दिले आहे. तेथे मात्र तो गोमांस आणि कोबी यांचा पदार्थ आहे, बटाट्याचा उल्लेखही नाही. पुढे मांस मागे पडले आणि बटाटा पुढे आला.

कृतीत प्रमाणापेक्षा धीर महत्त्वाचा. साधारण दोन वाट्या कुस्करलेल्या बटाट्याला एक वाटी शिजवून घट्ट पिळलेला कोबी घ्यावा, मीठ व भरपूर मिरपूड मिसळावी, आणि बिडाच्या तव्यावर चमचाभर लोणी-तेल तापवून हे मिश्रण थापावे. खालचा भाग खरपूस झाला की उलथन्याने तो खरवडून मिश्रणातच उलटवावा आणि पुन्हा थापावे. असे तीन-चार वेळा केल्याने खमंग खरवड सर्वत्र मिसळते. पातेल्याच्या बुडाची खरवड कोणाच्या वाट्याला येणार यावर आमच्या घरी भांडणे होत. या पदार्थात ती सर्वांच्या वाट्याला येते. एक सूचना महत्त्वाची आहे: उरलेला बटाटा आणि कोबी रात्रभर बाहेर न ठेवता गार होताच फ्रिजमध्ये ठेवावेत.

प्रश्न : इतक्या पदार्थांत मोहरी नाही, हळद नाही, मिरची नाही. चव येते कशाने? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बटाट्याने. हे उत्तर तुटक वाटेल, परंतु चांगल्या जातीचा, कोरडा उकडलेला बटाटा मीठ-लोण्याबरोबर एकदा शांतपणे खाऊन पाहावा, अशी आपणास विनंती आहे. त्याखेरीज पांढरी मिरपूड, जायफळ, मोहरीची पूड, पार्सली, चाइव्हज ही कांद्याच्या पातीची नाजूक बहीण, नव्या बटाट्यांबरोबर पुदिना, आणि तोंडीलावणे म्हणून व्हिनेगरमध्ये मुरवलेले कांदे किंवा लाल कोबी, एवढा त्यांचा संसार आहे. वुस्टरशर सॉसचे चार थेंबही पुष्कळ ठिकाणी घालतात. शाकाहारी वाचकांनी लक्षात ठेवावे की पारंपरिक वुस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही हे मासे असतात.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने लोकांना बटाटे खाण्याचा आग्रह केला होता, असे वाचले. ते कोणते पदार्थ होते? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. ब्रिटनमध्ये अन्नाचे रेशनिंग ८ जानेवारी १९४० रोजी लोणी, साखर आणि बेकनपासून सुरू झाले व ४ जुलै १९५४ पर्यंत चालले. गहू मोठ्या प्रमाणावर जहाजांनी येत असे आणि जर्मन पाणबुड्या ती जहाजे बुडवीत होत्या. बटाटा देशातच पिकत होता, पोट भरत होता आणि फळे दुर्मीळ झालेल्या काळात क जीवनसत्त्वही देत होता. म्हणून पावाऐवजी बटाटा खाल्ला तर जहाजांवरील जागा वाचेल, हा सरळ हिशेब होता. युद्धकाळात बटाट्यावर रेशन नव्हते. एप्रिल १९४० मध्ये अन्नमंत्री झालेले लॉर्ड वुल्टन यांच्या खात्याने ‘पोटॅटो पीट’ नावाचे बटाट्याचे हसरे चित्र तयार करून पाककृतींची पत्रके घरोघर पोहोचवली. सालीसकट शिजवा, असे ती पत्रके पुनःपुन्हा सांगत.

त्या काळाची खूण म्हणून आज वुल्टन पायचे नाव घेतले जाते. लंडनच्या सेव्हॉय हॉटेलचे मुख्य आचारी फ्रान्सिस लात्री यांनी तो तयार केला. बटाटा, गाजर, फ्लॉवर आणि स्वीड हा पिवळसर सलगम, प्रत्येकी साधारण अर्धा किलो, बारीक चिरून, तीन-चार पातीचे कांदे, चमचाभर भाज्यांचा अर्क आणि चमचाभर ओटचे जाडसर पीठ घालून बेताच्या पाण्यात दहा मिनिटे शिजवायचे. गार झाल्यावर खोलगट भांड्यात घालून, वर पार्सली भुरभुरून, बटाट्याच्या किंवा कोंडायुक्त पिठाच्या पारीने झाकून भाजायचे. लोणी-तेलाच्या तुटपुंज्या वाट्यात पारी जमावी म्हणून पिठात उकडलेला बटाटा मळत असत. लोकांना हा पदार्थ फारसा आवडला नाही. त्याचे कारण मला उघड दिसते: या सर्व भाज्या गोडसर आहेत आणि त्यांना खुलवणारे लोणी, चीज किंवा कांदा पुरेसा नव्हता. आज हाच पाय किसलेले चेडर चीज घालून केला तर उत्तम लागतो. खरी टंचाई युद्धानंतर आली. १९४७ च्या कडक हिवाळ्याने पिकाचे नुकसान केले आणि त्या वर्षाच्या अखेरीस बटाट्याच्या विक्रीवरही सरकारला नियंत्रण आणावे लागले.

प्रश्न : आम्ही वसईचे ख्रिस्ती. उपवासकाळातील शुक्रवारी आमच्या घरी मांस शिजत नाही. इंग्लंडमधील कॅथलिक घरांत अशा दिवशी बटाट्याचे काही करत का? (एक वाचक, वसई)

उत्तर : आपला प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण याचे उत्तर मी जेथे राहत होते त्याच भागातील आहे. लँकेशरमध्ये, विशेषतः प्रेस्टन शहरात, बटर पाय नावाचा बटाटा-कांद्याचा पाय करतात. या भागात कॅथलिकांची वस्ती पूर्वापार मोठी आहे आणि शुक्रवारी मांसाच्या पायऐवजी तो खात, म्हणून त्याला कॅथलिक पाय किंवा फ्रायडे पाय असेही म्हणतात. तीनशे ग्रॅम मैद्यात दीडशे ग्रॅम थंड लोणी बोटांनी चुरून, मीठ व थंड पाणी बेताने घालून पारीचे पीठ भिजवावे आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे. दोन मोठे कांदे उभे चिरून पंच्याहत्तर ग्रॅम लोण्यात, रंग न बदलू देता, अगदी मऊ होईपर्यंत शिजवावेत. याला वीस मिनिटे लागतात आणि ती द्यावीत. पाऊण किलो बटाट्याचे पातळ काप अर्धवट उकडून कोरडे करावेत. पारी लावलेल्या भांड्यात बटाटा आणि कांदा आलटून पालटून रचावा, प्रत्येक थरावर मीठ आणि सढळ हाताने पांढरी मिरपूड घालावी, उरलेले लोणी ओतावे, वरची पारी लावून वाफेसाठी मध्ये छेद द्यावा आणि १९० अंशांवर चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे भाजावे. सोबत मुरवलेला लाल कोबी हवाच.

प्रश्न : एडिनबरोला राहायला आल्यापासून सकाळच्या न्याहारीत टॅटी स्कोन खाते. घरी केले तर वातड होतात. स्कॉटलंडचे आणखी काही शाकाहारी बटाट्याचे पदार्थही सुचवावेत. (एक वाचक, एडिनबरो)

उत्तर : टॅटी म्हणजे स्कॉटिश बोलीत बटाटा. आपले स्कोन वातड होतात त्याची दोन कारणे संभवतात: बटाटा गार झाल्यावर पीठ मळले असेल, किंवा पीठ जास्त पडले असेल. गार बटाटा चिवट होतो, मग तो लाटण्यासाठी आपण आणखी पीठ घालतो आणि चूक वाढत जाते. अडीचशे ग्रॅम कोरडा कुस्करलेला बटाटा ऊनऊन असतानाच त्यात पंचवीस ग्रॅम लोणी, मीठ आणि साठ ग्रॅमच्या आसपास मैदा मिसळावा. मळू नये, नुसते गोळा करावे. अर्धा सेंटिमीटर जाडीची गोल पोळी लाटून तिचे चार त्रिकोणी तुकडे करावेत आणि कोरड्या, पीठ भुरभुरलेल्या बिडाच्या तव्यावर प्रत्येक बाजू तीन-चार मिनिटे भाजावी. स्कॉटिश घरांतील गर्डल हा आपल्या तव्याचाच सख्खा भाऊ आहे. भाजलेले स्कोन पंच्यात गुंडाळून ठेवले की भाकरीसारखे मऊ राहतात.

स्टोव्हीज हा बटाटा-कांद्याचा मंद आचेवर, झाकण ठेवून शिजवलेला पदार्थ परंपरेने ड्रिपिंगमध्ये आणि बहुधा मांसाचे तुकडे घालून करतात. आपण लोण्यात करावा. ऑर्क्नी बेटांवरील क्लॅपशॉटमध्ये बटाटा आणि स्वीड एकत्र कुस्करतात. समुद्रापलीकडच्या उत्तर आयर्लंडचा चँप मात्र आपण नक्की करून पाहावा. पातीचा कांदा कढत दुधात मुरवून ते दूध मॅशमध्ये घालायचे, ताटात वाढल्यावर मध्ये आळे करून त्यात लोण्याचा गोळा ठेवायचा, आणि कडेचा बटाटा त्या वितळत्या लोण्यात बुडवत खायचा. वरणभाताच्या आळ्यातील तुपाची आठवण मला तेथे पहिल्याच घासाला झाली होती.

चीज विकत घेताना वेष्टनावर शाकाहारींसाठी योग्य असल्याची खूण पाहावी, कारण काही चीजमध्ये दूध साकळवण्यासाठी वासराच्या जठरातील रेनेट हे द्रव्य वापरलेले असते.

प्रश्न : जॅकेट पोटॅटो मायक्रोवेव्हमध्ये केला तर साल चामड्यासारखी होते. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : जॅकेट पोटॅटो म्हणजे सालीसकट भाजलेला अख्खा बटाटा. मायक्रोवेव्ह बटाटा आतून वाफवतो आणि ती वाफ सालीला ओली ठेवते. मोठा पिठूळ बटाटा धुऊन, पूर्ण कोरडा करून, काट्याने टोचून, तेल-मीठ चोळून २०० अंशांवर सव्वा तास थेट ओव्हनच्या जाळीवर ठेवावा. फॉइलमध्ये गुंडाळू नये. बाहेर येताच फुलीच्या आकारात चिरून चारी बाजूंनी दाबावा, म्हणजे वाफ निघून आतील गर फुलतो. वर लोणी, चेडर किंवा टोमॅटोतील बेक्ड बीन्स. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर असे गरम बटाटे पत्र्याच्या तापत्या डब्यांतून विकत आणि थंडीत लोक ते खाण्याआधी हात शेकायला घेत.

प्रश्न : बटाटे फ्रिजमध्ये ठेवावेत की नाही? आणि हिरवे पडलेले चालतात का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : हिरवा रंग उजेडामुळे येतो आणि त्याबरोबर सोलॅनिन हे कडवट, अपायकारक द्रव्यही वाढते. थोडासा हिरवा भाग आणि कोंब खोलवर कापून टाकावेत. बटाटा बराच हिरवा असेल किंवा कडू लागत असेल तर तो टाकून द्यावा. थंडीत बटाट्यातील काही स्टार्चची साखर होते, त्यामुळे फ्रिजमधील बटाटा तळताना वा भाजताना लवकर काळपट होतो. ब्रिटनमध्ये पूर्वी फ्रिजमध्ये ठेवू नये असाच सल्ला दिला जाई, तो २०२३ मध्ये तेथील अन्न प्रमाणके संस्थेने बदलला आणि ठेवण्यास हरकत नसल्याचे सांगितले. गोव्याच्या दमट हवेत कोंब फार लवकर येतात, तेव्हा उकडून कुस्करण्यासाठीचे बटाटे आपण खुशाल फ्रिजमध्ये ठेवावेत. भाजण्यासाठीचे मात्र कागदी पिशवीत, अंधाऱ्या आणि वारा लागेल अशा जागी, कांद्यांपासून दूर ठेवावेत.